इथं काहीच नाही

पहाटे साडेपाचला मी दुधाच्या दोन किटल्या मोटारसायकलला अडकवतो आणि धरणाच्या काठावरच्या रिसॉर्टला जातो. अकरा वर्षं झाली. पुढच्या फाटकाला दगडी कमान आहे, दिवे आहेत, कुंड्या आहेत. तिथनं आम्हाला मनाई. आमचं फाटक मागच्या अंगाला. कचऱ्याच्या गाडीचं आणि आमचं एकच. तिथं दूध मापून घेतात, वहीत सही होते आणि पाहुणे उठायच्या आत मी बाहेर पडतो. आमच्या म्हशीचं दूध आत गेलं की ‘फार्म फ्रेश’ होतं, असं पुतण्या सांगतो. तो तिथंच कामाला आहे.

दोन वर्षांमागं श्रावणात मला उशीर झाला. रात्रभर पाऊस, ओढ्याला पाणी, गाडी ढकलत न्यावी लागली. त्यात मागच्या वाटेवर खोदकाम चाललेलं, म्हणून रखवालदारानं मला हिरवळीच्या कडेनं जाऊ दिलं. तिथं लाकडी ओट्यावर एक बाई कॉफीचा कप घेऊन उभ्या होत्या. पन्नाशीच्या असतील. चेहरा मायाळू. माझ्या किटल्या बघून हसल्या आणि म्हणाल्या, “काका, किती भाग्यवान हो तुम्ही! रोज हे बघता.” मग पाण्याकडं हात करून म्हणाल्या, “इथे काहीच नाही. काही म्हणजे काहीच नाही. किती छान!”

मी ‘हो’ म्हणालो आणि पुढं गेलो.

त्यांचा हात जिकडं होता तिकडं, काठापासून अर्ध्या मैलावर, पाण्याखाली आमचं घर आहे. घर म्हणजे आता जोतं असेल, तेही गाळात. त्याच्या खालच्या अंगाला दोन खाचरं, त्यांच्या पलीकडं विहीर, विहिरीवर चिंच, चिंचेपासून हाकेच्या अंतरावर भैरोबाचं देऊळ. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पवनेचं पाणी अडलं तेव्हा मी सहा-सात वर्षांचा होतो. आई चुलीचे दगड गाडीत घालायला निघाली होती आणि आबा तिच्यावर ओरडत होते, एवढंच मला नीट आठवतं. चुलीचे दगड कशाला पाहिजेत, दगड काय सगळीकडं मिळतात, असं त्यांचं म्हणणं. दगड आले. अजून आहेत.

म्हणून त्या बाईंचं बोलणं माझ्या डोक्यातनं जाईना. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच काही दिसत नव्हतं. पण पवनेचं तळं देवानं केलेलं नाही. ते करायला गावं उठवावी लागली. ते पाणी खाली नदीनं रावेतला जातं आणि तिथनं पिंपरी-चिंचवडच्या नळांना. शहराला पाणी लागतं. त्याला आमची ना नाही. पण धरणाला पन्नास वर्षं होऊन गेली तरी उठवलेल्यांतली कितीतरी घरं अजून जमिनीच्या बदल्यात जमीन मागत फिरताहेत. आमच्या डोंगरापलीकडं मुळशीत तर हे आमच्याही आधी झालेलं. १९२१ साली तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यातनंच सेनापती झाले; धरण झालं ते झालंच. पाणी बोगद्यानं कोकणात भिऱ्याला उतरवलं आणि वीज मुंबईला गेली. आज त्या तळ्याच्या काठालाही असलीच रिसॉर्टं आहेत. म्हणजे आधी पाणी न्यायला आले, मग वीज न्यायला आले, आणि आता पाण्याची शोभा बघायला येतात. हरकत नाही, या. पण बघताना ‘इथं काहीच नाही’ म्हणू नका.

आता हे ‘काहीच नाही’ कसं तयार होतं ते सांगतो, कारण ते आपोआप होत नाही. एका रात्रीचे ३२ हजार रुपये आणि वर कर मोजणाऱ्या माणसाला ते रोज ताजं करून द्यावं लागतं. पुतण्याची निम्मी नोकरी हीच आहे. पाहुण्यांना झाडू दिसता कामा नये, म्हणून पालापाचोळा उजाडायच्या आत गोळा. कामाच्या बायकांनी डोक्यावरनं पाटी नेताना कोणी दिसला तर कुंपणामागं थांबायचं. धुण्याच्या चादरी झाकलेल्या गाडीतनं. आमची गुरं काठावर उतरू नयेत म्हणून तारेचं कुंपण, आणि ते कुंपण दिसू नये म्हणून त्याच्यापुढं बांबू. बांबू पिवळा पडला की बदलायचा. गाव दिसू नये यासाठी गावातलीच तीसेक माणसं पगारावर आहेत.

पाहुण्यांच्या तक्रारी पुतण्या घरी येऊन सांगतो. आम्ही हसतो. सुरुवातीला नुसतंच हसायचो.

पहिल्या पावसात बेडूक ओरडतात. पिवळे धमक, हाताएवढे, रात्रभर. ते ओरडले की आमच्याकडं म्हातारी माणसं निवांत झोपतात. पाऊस लागला असा त्याचा अर्थ. एका जूनमध्ये पाहुण्यांनी मध्यरात्री फोन केला की आवाज बंद करा. पुतण्याला आणि आणखी एका पोराला विजेरी देऊन चिखलात पाठवलं. ते तासभर बेडूक हाकलत होते. बेडूक इकडनं उडी मारून तिकडं जाऊन ओरडायचे. सकाळी साहेबांनी विचारलं, “ह्याच्यावर औषध मिळतं का?” पोरांनी चौकशी करतो म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यात दुसरे पाहुणे आले, त्यांना मुलांना बेडूक दाखवायचे होते. पुन्हा विजेरी घेऊन हेच दोघे.

हे हसण्यावारी गेलं. राबाचं गेलं नाही.

शहरातल्या वाचकाला राब सांगावा लागेल. भाताचं रोप जिथं करायचं त्या वाफ्यावर उन्हाळ्यात पाला, कवळं, शेणी, काटक्या रचायच्या, वरनं माती घालायची आणि भाजायचं. तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं आणि पाऊस लागला की त्यावर पेरायचं. आमच्या मावळात आंबेमोहोर असा पिकला आणि वडगावच्या संशोधन केंद्रातनं १९८७ साली आलेला इंद्रायणीही बऱ्याच जणांनी असाच लावला. राब भाजू नका, झाडं तुटतात, गादीवाफा करा, असं कृषी खातं सांगतं आणि खूप जण आता तसं करतातही. मीही अर्धं रोप गादीवाफ्यावर करतो. तो आमचा आणि खात्याचा वाद आहे, त्यात खात्याची बाजू बरीचशी खरी आहे. पण त्या वर्षी एप्रिलमध्ये माझ्या थोरल्या भावानं राब पेटवला आणि तासाभरात रिसॉर्टची माणसं वावरात हजर. आत कुणाचं तरी लग्न होतं. धूर मांडवात जातो, पाहुण्यांना त्रास होतो, विझवा. भाऊ म्हणाला, “पेटलेला राब इझवत न्हाईत.” ते म्हणाले, पोलिसांना बोलावतो. भाऊ म्हणाला, बोलवा. मग त्यांच्यातल्या एकानं खिशातनं दोन हजार काढले आणि भावाच्या हातावर ठेवायला गेला. भावानं मला फोन केला. राब विझवायला पैसे देतात म्हंजे काय, हेच त्याला कळत नव्हतं. शिवी दिली असती तर त्याला कळली असती.

त्याच रात्री त्याच मांडवातनं दोन वाजेपर्यंत गाणी वाजत होती. आमच्या भिंती हादरत होत्या, गोठ्यात म्हैस बसेना. तो धूर नव्हता, तो समारंभ होता. आणि कार्तिकात पहाटे आमच्या देवळात काकडा सुरू झाला की रिसॉर्टचा माणूस सरपंचाकडं येतो: भोंग्याचं तोंड जरा गावाकडं फिरवता का? आम्ही फिरवलं. खरं सांगायचं तर भोंगा जरा मोठाच होता आणि परीक्षेच्या पोरांनाही त्याचा त्रास होता. पण पोरांच्या सांगण्यावरनं फिरवला नव्हता, पाहुण्यांच्या सांगण्यावरनं फिरवला, हे मला लागलं.

पोहण्याच्या तलावाबद्दलही लिहायला पाहिजे. तो तलाव मी खोदताना पाहिलाय. त्याची पाण्याकडची कड मुद्दाम एक बोट खाली ठेवतात, पाणी त्यावरनं सांडत राहतं, खाली चर असतो, त्यात पडतं आणि पंपानं पुन्हा वर येतं. त्यामुळं आत उतरलेल्या माणसाला वाटतं, आपला तलाव संपत नाही, तो थेट धरणाला मिळालाय. एवढं मोठं धरण शेजारी असताना त्याच्या काठावर निळ्या फरशीचं पाणी कशाला पाहिजे, हे आबांना मी तीनदा समजावून सांगितलं. तिन्ही वेळा ते म्हणाले, “आन मंग धरान कशाला बघायला येत्यात?” मे महिन्यात आमच्या वाडीला नळ एक दिवसाआड येतो, कधी दोन दिवसांआड. आमचं घर, आमची खाचरं ज्या पाण्याखाली गेली ते पाणी पन्नास पावलांवर दिसतं आणि आमच्या लेकी हंडे घेऊन बोअरवर रांग लावतात. त्याच महिन्यात त्या तलावाची कड रात्रंदिवस सांडत असते.

आता ‘अस्सल’ची गोष्ट. लग्नं असली की गावातल्या चार-पाच बायकांना भाकरी थापायला बोलावतात. मांडवात मातीची चूल मांडतात, शेजारी जातं, सूप, टोपली. बायका गॅसवरही भाकरी करतात हे तिथं चालत नाही. माझी भावजय पहिल्यांदा गेली ती घरची बरी पाचवारी नेसून. तिला बाजूला नेऊन नऊवारी दिली, खोटी नथ दिली आणि कपाळावर आडवी चिरी काढायला लावली. तिच्या सासूनं शेवटची नऊवारी नेसली त्याला वीस वर्षं झाली असतील. पाहुणे येऊन तिच्यासोबत फोटो काढतात. एक पोरगी तिला म्हणाली, “आजी, तुम्ही किती साध्या! आम्हाला पण असं साधं जगायचंय.” भावजय बावन्न वर्षांची. घरी येऊन नथ काढल्यासारखं करत म्हणाली, “मला आजी म्हणाली, मेली.” चारशे रुपये मिळाले होते. वर एक भाकरी, पिठलं आणि ठेचा असं ताट आत सहाशेला लावतात.

‘साधं’ ह्या शब्दाची मला भीती वाटायला लागलीय. ज्याला हवं तेव्हा सोडून जाता येतं त्याला ते साधं वाटतं. रात्री पोटात दुखायला लागलेल्या पोराला घेऊन तळेगावला जायला वाहन शोधणं, त्यात काही साधं नाही. पाहुणे दोन रात्री राहतात आणि शांतता घेऊन कामशेतला किंवा दुधिवरे खिंडीतनं लोणावळ्याला निघून जातात. आम्ही सोमवारीही इथंच असतो.

इथवरचं सगळं हसून किंवा चिडून सांगता येतं. अंगठीचं सांगताना अजून घशात अडकतं.

आमच्या वाडीतली एक सून तिथं खोल्या आवरायला जाते. एका दुपारी पाहुण्या बाईंची हिऱ्याची अंगठी सापडेना. त्या सकाळी खोलीत ही गेलेली. रखवालदारांच्या खोलीत सगळ्या बायकांना उभं करून पिशव्या उलट्या केल्या. हिच्या पिशवीतनं डबा निघाला, पोराचं खोकल्याचं औषध, बसचे सुटे पैसे, आणि साबणाच्या दोन छोट्या वड्या. साबण पाहुण्यांनी वापरून टाकलेला, कचऱ्यात जाणारा. पण त्या वड्या टेबलावर ठेवल्या आणि सगळे तिच्याकडं बघायला लागले. तासाभरानं अंगठी बाईंच्याच पावडर-काजळाच्या पिशवीत, अस्तराखाली सापडली. बाई खाली आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या गेल्यावर साहेबांनी हिला पाचशेची नोट दिली. “मॅडमनी दिलेत.”

तिनं ते घेतले. का घेऊ नयेत? लेकीच्या वह्या आल्या. पण त्या दिवसापासनं ती डबा आरपार दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीतनं नेते. कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिनंच सुरू केलं आणि आता सगळ्याच बायका तसं करतात.

पैसेवाला माणूस वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. त्या पांढऱ्या कपड्यांतल्या बाई मायाळूच होत्या. माझं म्हणणं एवढंच की त्या पाचशेच्या नोटेत सगळं आलं. चूक झाली की माणूस तोंडानं बोलतो. तोंड न उघडता खिशात हात घालणं ही सवय रोज सेवा विकत घेणाऱ्यालाच लागते. राबाचे दोन हजारही त्याच खिशातले. त्यांना आमच्याशी भांडायचं नसतं, कारण भांडायला समोर कुणीतरी असावं लागतं.

तुम्ही म्हणाल, मग नोकऱ्या? तीस घरांत पगार जातो, तुमचं दूध जातं, ते दिसत नाही का? दिसतं. पुतण्याला महिन्याला १४ हजार मिळतात आणि त्यातनं त्यानं धाकट्या बहिणीचं शिक्षण केलं. डेअरीपेक्षा मला लिटरमागं चार रुपये जास्त मिळतात, आणि हा लेख लिहूनही उद्या पहाटे मी तिथं जाणार आहे. पण हिशेब सांगायचा तर पुरता सांगू. त्या जमिनीवर आधी तीन घरांचं भात, नाचणी आणि त्यानंतर वाटाणा-मसूर निघायचा. आज त्याच तीन घरांतली पोरं तिथं गाड्या लावून देतात. पोरगा दहा वर्षं गाड्या लावतोय आणि अजून गाड्याच लावतोय. खुर्चीवर बसलेला माणूस दर वेळी बाहेरनं येतो.

आणि जमीन आम्हीच विकली, हेही लिहून ठेवतो. कुणी डोक्यावर पिस्तूल लावलं नव्हतं. धरणाच्या वर उरलेली चिंचोळी वावरं, वाटण्या होऊन होऊन दहा-दहा गुंठ्यांवर आलेली; त्याला एकदम लाखांचा भाव आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. दलाल आमच्याच भावकीतला. पैशाच्या गाड्या आल्या, स्लॅब पडले, दोन लग्नं थाटात झाली, आणि एक जण दारूत गेला. माझ्या वाटणीचं मी विकलं नाही, कारण त्याला वाट नव्हती आणि कुणी विचारलंच नाही. शहाणपणाचा आव मला आणता यायचा नाही.

पण जमीन विकली म्हंजे वाट विकली नव्हती.

आमच्याकडं पाहुणा म्हणजे काय, हे आधी सांगतो. मी पोर असताना, नव्या वसाहतीत आल्यावरही, पुण्याची कॉलेजची पोरं तुंग, तिकोना चढायला यायची. रात्री देवळात पथारी. कुणाच्या तरी घरी जेवायची. आधी विचारायची, “आजी, हे कुणाचं घर?” चपला दाराबाहेर. जे शिजलं असेल ते. एकानं एकदा कालवणात तिखट जास्त झालं म्हणून ताटात पाणी ओतलं, तेव्हा आजीनं त्याला चांगला झापला आणि तोही हसला. त्यातल्या दोघांची दिवाळीला पत्रं यायची. घरधन्याचं नाव घेऊन पाहुणा दारात येतो. त्याला झापता येतं, तो रुसतो, पुन्हा येतो. आता ज्यांना आत ‘पाहुणे’ म्हणतात त्यांना आमची नावं कळू नयेत म्हणून पुतण्याच्या छातीवर वेगळंच नाव लावलंय. त्याचं खरं नाव उच्चारायला जड जातं म्हणे.

होडीतनं फिरवताना त्याला पाण्याखालच्या गावाची गोष्ट सांगावी लागते. चार वाक्यं पाठ करून घेतलीत. पाहुणे ऐकून विचारतात, “भुतं आहेत का?” तोही ठरलेलं उत्तर देतो. एकदा मात्र तो बोलून गेला, “आमचंच गाव आहे, आमचे आजोबा इथंच राहायचे.” होडीत सगळे गप्प झाले. कुणीतरी विषय बदलला. जाताना त्यांनी मोबाइलवर रिसॉर्टला चार चांदण्या दिल्या आणि खाली लिहिलं की जागा सुंदर, पण कर्मचाऱ्यानं वातावरण जड केलं. एक चांदणी कमी झाल्याबद्दल त्याला खुर्चीसमोर उभं केलं.

आता वाटेचं.

उन्हाळ्यात पाणी उतरतं. तिकडच्या अंगाला वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ उघडं पडतं, ते बघायला लांबनं लोक येतात. आमचा भैरोबा एवढा मोठा नाही. भिंती कधीच गेल्या, जोतं आणि एक तुटका नंदी राहिलाय. पण चैत्र-वैशाखात जोतं वर आलं की आमची पंधरा-वीस घरं जाऊन नारळ फोडायची. पाणी उतरलेल्या गाळपेरीत पूर्वी हरभरा-मसूरही करायचो. त्यासाठी काठावर उतरणारी एक वाट होती, बैलगाडी जाईल एवढी. मी पोर असल्यापासनं वहिवाट आहे. धरणाच्या आधी तीच वाट गावात जायची. कुंपण पडलं आणि वाट आत गेली. पहिली दोन वर्षं आम्हाला सोडलं. मग सांगितलं, पाहुणे नसतील तेव्हा या. मग आधी फोन करा. मग पास घ्या. चौथ्या वर्षी मी आबांना घेऊन गेलो, तर फाटकावर पुतण्याच होता. “नाना, आज न्हाय जमणार. आत लगीन हाय.” खाली मान घालून म्हणाला. आबा त्याचे सख्खे आजोबा. ते त्याला म्हणाले, “बरं बरं, तू कशाला वाईट वाटून घेतो?” आणि आम्ही परत आलो. पुतण्या त्या रात्री जेवला नाही.

रस्त्याची किंवा पाण्याची वहिवाट अडवली तर मामलेदार कोर्टाच्या १९०६च्या कायद्यात, कलम ५ खाली, तहसीलदाराकडं अर्ज करता येतो. अडवल्यापासनं सहा महिन्यांत करावा लागतो. मी मुदतीत केला. पाहणी झाली, पंचनामा झाला, तारखा पडताहेत. तिकडनं वकील येतो, तो म्हणतो, वाट नव्हतीच, इथं काहीच नव्हतं. हेच शब्द. मी त्या बाईंची आठवण काढली.

गावातले काही जण म्हणतात, मिटवून घे, रिसॉर्टवाले देवळाला देणगी द्यायला तयार आहेत. काही जण २०११ची आठवण काढतात. धरणाचं पाणी बंद नळानं शहराला न्यायचं ठरलं, नदीकाठचे शेतकरी बऊरजवळ एक्स्प्रेस वेवर उतरले, गोळीबार झाला आणि त्या ९ ऑगस्टला तीन माणसं गेली, त्यात एक बाई. त्याच रस्त्यानं आज पाहुण्यांच्या गाड्या येतात. म्हातारी माणसं म्हणतात, पाण्याच्या नादी लागू नका, पाणी आपलं न्हाय. मला पाणी नको. मला सहा हात रुंदीची वाट पाहिजे, वर्षातनं दोन महिने, आणि ती मागायला पास नको.

गेल्या वैशाखात आबा म्हणाले, “मला एकदा जोतं दाखव.” चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले. मग पलीकडच्या काठावरच्या मासे धरणाऱ्या ओळखीच्या माणसाला सांगून त्याच्या होडीतनं गेलो. आबा, मी, भाऊ आणि पुतण्या. त्यानं रजा टाकली होती. गाळात पाय रुतत होते. आबांना आम्ही उचलून जोत्यावर बसवलं. त्यांनी नंदीच्या पाठीवरनं हात फिरवला, चिंच कुठं होती ते अंदाजानं दाखवलं, मग भावानं नारळ फोडला.

समोर रिसॉर्टच्या ओट्यावर आठ-दहा जण होते. त्यांच्यातला एक जण हात हलवून ओरडायला लागला. वारा आमच्याकडं होता म्हणून स्वच्छ ऐकू आलं. “ओ काका! जरा बाजूला व्हा ना! फोटोत येताय!”

आबांना कमी ऐकू येतं. त्यांना वाटलं, कुणी हाक मारतंय. त्यांनीही हात वर केला आणि मला म्हणाले, “पाव्हणं दिसत्यात. खोबरं हाय अजून. बोलव त्यास्नी.”

मी हाक मारली नाही. भावानं खोबऱ्याचे दोन तुकडे नंदीपुढं ठेवले आणि आम्ही होडी ढकलली.